एक हात

शनिवारी सकाळी दहाला सामना
आणि गुरुवारी रात्री माझ्या टेबलावर
साठ उंदीर-शिपाई, अजून नुसतं राखाडी प्लास्टिक.
नियम साधा आहे: बिनरंगी सैन्य उतरवता येत नाही.

बर्स्लेमच्या दुकानातला पोरगा म्हणाला होता,
'एक हात मारायचा, बास. सावल्या आपोआप पडतात.'
मी पाच बाटल्या घेतल्या, त्याच्यावर विश्वास ठेवून.
पहिला शिपाई केला.
ढालीवर डाग उमटले,
ओल आलेल्या भिंतीवर उमटतात तसे,
आणि पायाशी रंगाचं डबकं.

विनिफ्रेड टनिक्लिफ, शेजारच्या घरातली,
रोज नवाच्या सुमाराला चहाला येते.
तिचा हीटर महाग पडतो.
आम्ही दोघंही कारण वेगळं सांगतो.
तिने तो उंदीर उचलला, दिव्याखाली फिरवला,
चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.
'ही तर झिलई आहे, डेझमंड.'

एकेचाळीस वर्षं ती झिलईच्या टबापाशी उभी होती.
त्या कारखान्यात आता फ्लॅट झालेत, खाली जिम.
बश्या, किटल्या, मेंढपाळणीच्या बाहुल्या
बुडवायच्या, काढायच्या,
मनगटाला एक झटका,
आणि झिलई कुठे थांबणार ते तिला आधीच ठाऊक.

'आळशी असते ती,' विनिफ्रेड म्हणाली.
'उतार दिसला की उतरते, खळगा दिसला की बसते.
तू फक्त खळगे ओळख.
लोकर, बरगड्या, दोरखंड, तिथे तिला मोकळी सोड.
ढाल सपाट. सपाट जागी ती गोंधळते,
लग्नात ओळखीचं कुणीच न भेटलेल्या पाहुण्यासारखी.
ढालीला साधा रंग दे, जुन्या पद्धतीने, दोन हात.'

मग बसलो.
आधी सगळ्यांवर हाडाच्या रंगाचा फवारा.
खालीच काळोख असेल तर
पारदर्शक रंग दाखवणार काय?
वाळल्यावर कोरड्या ब्रशने पांढरं, नुसतं कडांवरून,
पिठाचा हात लागावा इतकंच.
बाटली खूप वेळ हलवायची,
रंग सगळा तळाशी झोपलेला असतो.
गडद वाटला तर पाणी नाही घालायचं,
त्याचंच मिडियम घालायचं, पाण्याने तो फाटतो.
ब्रश भरलेला हवा, ठिबकणारा नको.
बाहीत शिरलात की शिवणीपर्यंत जायचं, मध्ये थांबायचं नाही.
आणि अर्धवट सुकलेल्याला परत हात लावायचा नाही.

हे मला सगळ्यात जड गेलं.
चूक समोर दिसत असते, ब्रश हातात असतो.
'ठेव खाली,' ती म्हणायची. 'ठेव म्हणते ना.'

तिचा उजवा हात मार्चपासून मांडीवरच असतो.
डाव्या हातात ओलसर ब्रश धरून
ती माझ्यामागून डबकी टिपत होती.
थेंबे थेंबे तळं साचतं,
आणि तळं वाळलं की काळं कडं मागे राहतं.
काखेत, पायाशी, शेपटीच्या मुळाशी
टोक लावायचं, रंग वर चढू द्यायचा, चिंधीला पुसायचं.
हात थरथरत होता.
टिपायला थरथर चालते.

'पण उंदीरच का?' तिने साडेबाराला विचारलं.
स्वस्त मिळाले, मी म्हणालो.
ती इतकी हसली की चौतिसावा हातातून निसटला
आणि कपात पडला.
त्याची पाठ अजूनही चहाच्या रंगाची आहे,
सगळ्यांत चांगली तीच दिसते.

शनिवारी मी तिन्ही डाव हरलो.
वार्निश मारायला वेळच मिळाला नव्हता,
दुपारपर्यंत बोटं लागून लागून
पुढच्या रांगेतल्या नाकांचा रंग उडाला.
तरी लेस्टरहून आलेल्या त्या दाढीवाल्याने
एक शिपाई डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिला.
'छान उतरलेत,' तो म्हणाला. 'किती हात दिलेत?'

मी मनात मोजलं
आणि म्हणालो, तीन.